ट्रंकेतले कागद आधी बाहेर काढा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जवानांच्या घरून येणाऱ्या पत्रांत पेन्शन आणि कागदपत्रांचे तेच ते प्रश्न पुन्हा येत आहेत. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, मी बरीच वर्षं कारकुनी केली. त्या अनुभवावरून उत्तरं देतो आहे. प्रत्येक घराचं प्रकरण वेगळं असतं, त्यामुळं शेवटचा शब्द कार्यालयाचाच धरा.

प्रश्न : अंत्यसंस्काराच्या वेळी तिरंगा चितेवर राहू द्यायचा का? (निपाणी)

नाही. शवपेटीवर केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवतात, पण ध्वज जाळायचा नसतो आणि दफन असेल तर खड्ड्यातही सोडायचा नसतो. अग्नी देण्याआधी जवान त्याची घडी घालून घरच्यांच्या हाती देतात.

प्रश्न : गावच्या कमानीवर 'शहीद' लिहावं की 'हुतात्मा'? 'शहीद' नाही लिहिलं तर पेन्शन कमी होते म्हणतात. (कडोली)

हे कुणी सांगितलं? लष्कराच्या कागदांत 'शहीद' हा शब्दच नाही. तिथं 'बॅटल कॅजुअल्टी' (लढाईतली हानी) किंवा 'फिजिकल कॅजुअल्टी' (इतर कारणानं झालेली) अशी नोंद होते आणि पेन्शन त्या नोंदीवर ठरते. लढाईत किंवा मोहिमेत मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. सेवेमुळं आलेला इतर मृत्यू असेल तर विशेष कुटुंब पेन्शन, त्या पगाराच्या साठ टक्के. नोंद चुकीची वाटत असेल तर अपिलाला मुदत असते, कमानीचं काम चालू असतानाच ते बघा. शब्दाचं म्हणाल तर आपल्याकडं हुतात्मा म्हटलं की १७ जानेवारी आणि १९५६ चं सीमा आंदोलन आठवतं. मी 'वीर जवान' लिहीन. नाव, हुद्दा आणि पलटण रेकॉर्डप्रमाणे, मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत. पायाभरणीआधी ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या.

प्रश्न : नावात फरक आहे म्हणून पेन्शनचे कागद दोनदा परत आले. एकजण पैसे घेऊन करून देतो म्हणतो. काय करू? (खानापूर तालुका)

ताई, त्याला एक रुपयाही देऊ नका.

या एका गोष्टीनं मी सीमाभागातली किती घरं हैराण झालेली पाहिली आहेत. माहेर चंदगडकडचं, त्यामुळं शाळेचा दाखला मराठीत आणि माहेरच्या नावानं. लग्नात नाव बदललं. रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. एका ताईंनी माझ्यासमोर टेबलावर कापडी पिशवी उलटी केली. सात कागद निघाले आणि त्यांवर चार नावं. आधारवरच्या लक्ष्मीला 'एक्स' होता, बँकेत 'के-एस-एच', दाखल्यावर माहेरचं 'सुनंदा'. एका कागदावर तर नवऱ्याच्या जागी सासऱ्यांचं नाव पडलेलं. बाई एकच, पण मंजुरी देणाऱ्याला ते दिसत नाही. चौदा महिने त्यांच्या हाती काही पडलं नाही. तोवर दुकानदाराची उधारी आणि भावाचा आधार, यावर घर चाललं.

जवानाचं लग्न, मुलांचा जन्म, पत्नीचं बदललेलं नाव यांची नोंद पलटणीत 'पार्ट टू ऑर्डर'नं, म्हणजे लेखी आदेशानं, होते. जवानानं विवाह नोंदणीचा दाखला क्लार्ककडं द्यायचा, एवढंच काम. 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणत ते राहतं. ज्यांचे मालक आज नोकरीत आहेत त्या भगिनींना हात जोडून सांगतो, ही सुट्टी संपण्याआधी करून घ्या. नॉमिनेशन लग्नाआधीचं आईच्या नावावर असेल तर तेही बघा. पुढं सासू-सून एकमेकींसमोर उभ्या राहण्यापेक्षा आज बोललेलं बरं.

ताई, तुम्ही आता घाईनं नोटरीकडं प्रतिज्ञापत्र करू नका, त्यानं आणखी एक नाव तयार होतं. आधी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून तिथं तुमचं नाव कसं नोंदलंय ते विचारा. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावातच आहे. तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. उत्तर आलं की सगळी पिशवी घेऊन बेळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. कुठला कागद दुरुस्त करायचा ते तिथं ठरवा. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

प्रश्न : घर कर्नाटकात, पण मुलगा कोल्हापूरच्या भरतीत लागला होता. मदत कुठल्या राज्याची?

भरती कुठं झाली याला महत्त्व नाही. राज्याची मदत सहसा सेवा नोंदीतल्या कायम पत्त्यावर ठरते. पत्त्याबद्दल शंका असेल तर लेखी विचारा. केंद्राची पेन्शन दोन्हीकडं सारखीच.

प्रश्न : माझी बहीण सव्वीस वर्षांची, जवानाची विधवा आहे. दिराशीच लग्न केलं तर पेन्शन राहील, असं सासरचे म्हणतात. खरं का?

खोटं आहे, आणि अशा मुलीला या भीतीखाली ठेवणं मला सहन होत नाही. शौर्यपदकाच्या भत्त्याला दिराशी लग्नाची अट खरोखर होती, ती नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली. उदारीकृत आणि विशेष पेन्शन पुनर्विवाहानं आपोआप बंद होत नाही. मुलांच्या सांभाळाशी जोडलेल्या अटी आहेत, त्या लग्नाआधी समजून घ्या. लग्न कुणाशी करायचं ते तिनं ठरवावं.

प्रश्न : मुलगा अग्निवीर आहे. काही झालं तर आम्हाला पेन्शन?

पेन्शन नाही. ४८ लाखांचा विमा आहे. मृत्यू सेवेमुळं आला असेल तर ४४ लाख सानुग्रह मदत आणि चार वर्षांपर्यंतचा उरलेला पगारही मिळतो. नॉमिनी कोण ते आजच फोन करून विचारा.

प्रश्न : भाऊ बीएसएफमध्ये (सीमा सुरक्षा दलात) होता. रेकॉर्ड ऑफिसला लिहू का?

नको. बीएसएफ गृहमंत्रालयाखाली येते, त्याच्या बटालियनच्या मुख्यालयाला लिहा.

प्रश्न : १५ ऑगस्टला गावातल्या वीरमातेचा सत्कार करायचा आहे. काय द्यावं?

आधी त्यांना यायचं आहे का ते विचारा. एका गावात पाहुण्यांची वाट बघत त्या माउलीला दोन तास उन्हात बसवलं, मग शाल-नारळ देऊन मंडळी फोटोला उभी राहिली. घरी सोडायला गाडी नव्हती. मुलाचा फोटो छातीशी धरून त्या चालत निघाल्या. तुम्ही नेण्या-आणण्याची सोय करा, सावलीत खुर्ची द्या. आणि हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की तरुण मंडळातल्या एकानं त्यांच्यासोबत जावं.