शुद्धलेखनाचे धडे थांबवायचे कधी?

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या पत्रांत या वेळी शुद्धलेखनाचा विषय पुन्हा पुन्हा आला. म्हणून हे पान त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, पहिलीपासून घरीच शिकते. रोज दहा शब्दांचे श्रुतलेखन घेतो आणि वर्षभर दहापैकी दहा मिळताहेत. पण मनाने काही लिहिले की चुका असतातच. तिच्या वहीतल्या चार ओळी सोबत पाठवतो. धडे बंद करावेत की चालू ठेवावेत?
— एक पालक, देवगड

उत्तर : श्रुतलेखन आजच बंद करा. धडे मात्र अजून दीड-दोन महिने लागतील. कारण तिच्याच ओळींत आहे :

‘बाबानी पहाटे होडी किनार्यावर ओढली. बांगडे आणी सौंदाळे टोपलित भरले. आईने एका गरीबाला दोन बांगडे दिले. वार्याने जाळे फाटले होते, ते बाबानी सांधायला घेतले.’

चोवीस शब्दांत सात चुका आहेत. त्यांतली फक्त ‘आणी’ ही सुट्या शब्दाची चूक. बाकी सहाही चुका शब्दाला प्रत्यय लागला तिथे झाल्या आहेत. बाबा, किनारा, टोपली, गरीब, वारा हे शब्द सुटे सांगितले तर ती एकही चुकणार नाही, म्हणून तर दहापैकी दहा मिळतात. सुट्या शब्दांचे श्रुतलेखन मूळ रूप तपासते आणि मराठीत खरी गडबड होते ती सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे जे रूप होते त्यात. शिवाय शब्द सांगताना आपण नकळत ‘गरीऽब’ असे ओढून सांगतो, म्हणजे उत्तर आपणच देतो. एरवीच्या बोलण्यात तेवढा फरक ऐकू येत नाही.

तेव्हा पुढचे धडे एवढ्यापुरतेच ठेवा. पाठ्यपुस्तकातला पूर्ण क्रम पुन्हा घेण्याची गरज नाही.

पहिले दोन आठवडे ‘गरीब–गरिबाला’ घ्या. मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला ई-ऊ दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो : मीठ–मिठात, चूल–चुलीत, विहीर–विहिरीत, जमीन–जमिनीत. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल तर मधला ई-ऊ जाऊन तिथे अ येतो : लाकूड–लाकडाचे, कापूस–कापसाचा. आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत : शरीरात, गीतात, तीरावर. हा अपवाद पहिल्याच दिवशी सांगू नका. नियम हातात बसण्याआधी अपवाद सांगितला की मूल ‘चूलीत’सुद्धा संस्कृत समजून लिहिते. दुसऱ्या आठवड्यात सांगा.

तिसऱ्या आठवड्यात रफार आणि ‘ऱ्य’. आधीच्या अक्षरावर जोर पडतो तिथे रफार : सूर्य, आचार्य, दर्या. जोर पडत नाही तिथे ‘ऱ्य’ : किनाऱ्यावर, वाऱ्याने, डोंगरांमधल्या दऱ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकापाठोपाठ मोठ्याने म्हणायला लावा. किनाऱ्यावरच्या मुलांना हा फरक लगेच पकडता येतो, कारण दोन्ही शब्द रोजच्या कानातले असतात.

चौथ्या आठवड्यात अनुस्वार. ‘-नी’ प्रत्यय आला की आधी बिंदू : बाबांनी, ताईंनी, मुलांनी. ‘-ने’ आला तर नाही : आईने, मुलाने. टोपलीत, होडीत यांत शेवटची ‘ई’ प्रत्ययापूर्वीही दीर्घच राहते, हे त्याच आठवड्यात उरकेल. ‘आणि’, ‘नि’ ही अव्यये ऱ्हस्वान्त. त्यांची तर एक चिठ्ठी टेबलासमोर चिकटवली की झाले.

रोजचा धडा पंधरा मिनिटांहून मोठा नको. शब्दांऐवजी वाक्य सांगा, आणि त्याच नियमाची पाच वाक्ये तिला स्वतः रचायला लावा. दुसरे काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

मग थांबण्याची पारख. तीन आठवड्यांत दर आठवड्याला एक असे तीन मजकूर तिने मनाने लिहायचे, प्रत्येकी साधारण दीडशे शब्द : एक पत्र, एक माहिती (आंबापोळी कशी घालतात, होडीला डांबर कसे लावतात, काहीही), एक प्रसंग. शुद्धलेखन तपासणार आहोत हे आधी सांगायचे नाही. लिहिलेला कागद दोन दिवस बाजूला ठेवा. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात पेन्सिल द्या आणि ज्या शब्दाची शंका वाटते त्याखाली रेघ मारायला सांगा, दुरुस्त करता आला तर करू द्या. त्यानंतरच तुम्ही तपासा.

चुका तीन रकान्यांत मांडा. घाईच्या, म्हणजे तिने स्वतः पाहून दुरुस्त केलेल्या. शब्दापुरत्या, एखादाच शब्द चुकीचा डोक्यात बसलेला. आणि नियमाच्या, एकच प्रकार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा आलेला. पहिल्या रकान्याची काळजी करू नका. दुसऱ्यासाठी धडा लागत नाही, वही लागते. धडे चालू ठेवायचे ते फक्त तिसऱ्यासाठी. आमचा ठोकताळा असा : तिन्ही मजकुरांत नियमाची चूक एका प्रकारापलीकडे नसेल, राहिलेल्या चुका शंभर शब्दांमागे दोनहून कमी असतील, आणि एकूण चुकांपैकी निम्म्याहून अधिक जागी तिची पेन्सिल आपणहून थांबली असेल, तर धडे बंद करायला हरकत नाही. या तिन्हींत शेवटची अट सगळ्यांत मोलाची. मूल कुठे अडखळायचे ते शिकले की पुढचे काम शब्दकोश करतो. शंभर टक्के निर्दोष लिहिण्याची वाट पाहू नका. तसे लिहिणारे मोठेही फार थोडे, आणि त्यांच्याही हाताशी कोश असतो.

बंद केल्यावर एक शंकावही ठेवा, अक्षरवार पाने पाडून. अडलेला शब्द कोशात पाहायचा आणि प्रत्ययासकट लिहायचा : ‘विहीर, विहिरीत’. सहा आठवड्यांनी न सांगता पुन्हा एक मजकूर घ्या. एखादा नियम घसरला असेल तर तेवढाच आठवडाभर घ्या.

आणखी एक गोष्ट. कोकणातल्या घरांत माळ्यावर आजोबांची पुस्तके असतात. ती वाचणारी मुले ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’ असे लिहू लागतात. ही चूक आळसाची नव्हे, वाचनाची आहे. १९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम स्वीकारले, १९७२ साली आणखी चार, आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार त्यांत गेले. केशवसुतांच्या आधीची कविता मात्र मुळाप्रमाणेच छापावी असा त्यांतलाच एक नियम आहे, त्यामुळे जुना अभंग तसाच दिसणार. मालगुंडच्या या कवीचे नाव शुद्धलेखनाच्या नियमात आहे हे मुलीला जरूर सांगा. छापलेले वेगळे का दिसते ते कळले की ती आपणहून वेगळे लिहील.

प्रश्न : मुलगा साडेआठ वर्षांचा. घरात आम्ही सगळे मालवणीच बोलतो. लिहिताना ‘माका’, ‘खय’, ‘इलो’ येते. आम्ही लाल रेघ मारतो. आता तो लिहायलाच बसत नाही. धडे बंद करू का?
— एक आई, वेंगुर्ले

उत्तर : हो, निदान तीन महिने बंद करा, आणि लाल पेन उचलून ठेवा. ‘माका’ ही शुद्धलेखनाची चूक नाहीच. ती त्याची भाषा आहे आणि ती बरोबर आहे. ‘मला’ ही त्याने शिकायची दुसरी भाषा. मालवणी शब्द आणि खरी चूक एकाच रेघेने खोडली की मुलाला वाटते, आपले सगळेच चुकते. मग मुले शंका येईल तो शब्द टाळतात : ‘विहिरीत’ लिहिता येत नाही म्हणून ‘पाण्यात’ लिहितात. वहीतल्या चुका कमी झाल्यासारख्या दिसतात, पण लेखन आटलेले असते. हे लक्षण दिसले की कोणत्याही वयात धडे थांबवावेत.

या तीन महिन्यांत रोज पाच ओळी पुस्तकात पाहून लिहू द्या आणि रोज वीस मिनिटे तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. मनाने लिहितो तेव्हा पात्रांच्या तोंडी मालवणी राहू दे. आजी ‘खय गेललंस?’ म्हणत असेल तर तेच लिहावे. निवेदन प्रमाण मराठीत, एवढा एकच भेद पुढे हळूहळू करायला शिकवा. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम दहाव्या वर्षाच्या आसपास घेतले तरी उशीर होत नाही.

प्रश्न : मोबाईल आता शब्द आपोआप सुचवतो. मग हे शिकवायचेच कशाला?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : मोबाईल शब्द सुचवतो, पण त्यांतला कोणता हवा ते मुलालाच ठरवावे लागते. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. यंत्राच्या दृष्टीने चारही शब्द बरोबर. ज्याला फरक माहीत नाही तो पहिल्या शब्दावर बोट ठेवून मोकळा होतो. दुसरी अडचण ‘ऱ्य’ची. साधा र, हलन्त, य असे टंकले की रफारच उमटतो, म्हणून फलकांवरसुद्धा ‘किनार्यावर’ दिसते. कळफलकावरचा नुक्त्याचा ‘ऱ’ शोधून काढा, मग हलन्त, मग य. हे एकदा शिकवायला पाच मिनिटे लागतात.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, मुक्त विद्यालयातून दहावीला बसेल. परीक्षेपर्यंत शुद्धलेखनाचा तास ठेवावा का?
— एक पालक, दापोली

उत्तर : वेगळा तास नको. या वयात चुका बहुतेक वेगाने लिहिण्याच्या असतात, त्यातही अनुस्वार राहून जातात. सरावाच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत शेवटची पाच मिनिटे तपासणीला ठेवायला लावा. तपासताना शेवटच्या ओळीपासून वर वाचावे. अर्थाचा ओघ तुटतो आणि नजर शब्दावर थांबते.

प्रश्न : इंग्रजी स्पेलिंगच्या याद्या कोणत्या इयत्तेपर्यंत पाठ करून घ्याव्यात?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : इयत्ता पाहू नका, शब्दांचे शेवट पाहा. ‘होप’ला ‘इंग’ लावताना शेवटचा ‘ई’ गळतो, ‘हॉप’ला लावताना ‘पी’ दुप्पट होतो, ‘क्राय’ला ‘ईडी’ लावताना ‘वाय’चा ‘आय’ होतो. हे तीन बदल मूल स्वतःच्या लेखनात न सांगता करत असेल तर याद्या बंद करा. त्यानंतर फक्त त्याचे स्वतःचे चुकलेले शब्द, आठवड्याला पाच-सहा, तेही वाक्यात घालून.