तापवलेले की तापलेले?

आर्वी तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी तक्त्यावर लिहिलं, 'चुंबकीय उष्णतेने तापवलेले लक्ष्यित औषधवाहक नॅनोकण'. बघायला आलेल्या आजोबांनी विचारलं, "म्हणजे लोहचुंबक गरम करून कॅन्सरच्या गाठीवर ठेवते का जी?" मथळा सुधारावा कसा?

आजोबांनी चूक बरोबर पकडली. 'चुंबकीय उष्णता' अशी निराळी उष्णता नसतेच. उलट चुंबक फार तापवला तर त्याचं चुंबकत्व जातं. लोखंडाचं ७७० अंश सेल्सिअसला. इथे तापतात ते शरीरात सोडलेले लोहऑक्साइडचे कण. बाहेर तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीजप्रवाह खेळवतात, त्याचं चुंबकी क्षेत्र सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलतं आणि त्या ओढाताणीत कण तापतात. म्हणून क्रियापद 'तापणे' हवं. 'तापवलेले' म्हटलं की दुधासारखे आधी तापवून मग दिले असं वाटतं.

'लक्ष्यित' म्हणजे नेमक्या जागी नेम धरलेलं; पण हा शब्द ऐकून तर कुणालाच काही कळत नाही. मला आधी 'गाठीपुरतं औषध' सुचलं. '-पुरतं' हा किती नेमका प्रत्यय! पण इथे तो खोटा पडतो, कारण रक्तातून जाणारे बरेच कण यकृतात नि प्लीहेत अडकतात. नेम साधतो तो औषध सुटण्यात. एका प्रकारात कण आणि औषध मेदाच्या इवल्या पिशवीत भरतात. ४१-४२ अंशांच्या आसपास पिशवी सैल होते, औषध बाहेर पडतं. संत्र्याच्या बागेत ठिबक लावून 'मुळाशी पाणी' देतो, तोच 'शी' इथे घ्यावा: 'चुंबकी क्षेत्रात तापून गाठीशी औषध सोडणारे नॅनोकण'.

'नॅनोकण' राहू द्या. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश, एवढं खाली लिहिलं की पुरे.

आजोबा पुढे म्हणतील, ४५ अंश तर आमच्या मे महिन्यातच असते! तो पारा हवेचा. घामाच्या जोरावर अंग ३७ च्या आसपासच राहतं. इथे गाठीचं मांसच ४२ च्या आसपास नेतात. आणि औषध सोडण्याचा हा प्रकार अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे, हे मथळ्याखाली ठळक लिहा. तक्ता वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी पेशंट असेल, त्याला हे उद्याच मिळेल असं वाटू नये.