सहा नळ्यांच्या गनमधून सहा गोळ्या एकदम सुटतात का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: रोटरी गनच्या, म्हणजे गोल फिरणाऱ्या अनेक नळ्यांच्या गनच्या, सगळ्या नळ्या एकदम फायर होतात का, नसतील तर एवढ्या नळ्या लावायच्या कशाला, आणि ही गन एवढी फास्ट आहे तर प्रत्येक लढाऊ विमानात तीच का नाही. ह्या विषयाचं मला बरीच वर्षं वेड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकदम नाही फायर होत. एका वेळी एकच नळी, तीसुद्धा फिरता फिरता ठराविक जागी आली की. बाकीच्या नळ्या तेव्हा रिकाम्या बसलेल्या नसतात, कुणात नवीन गोळा आत सरकतोय, कुणाचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) लॉक होतोय, कुणाची रिकामी पुंगळी बाहेर पडतेय. प्रत्येक नळीचा स्वतःचा बोल्ट असतो आणि बाहेरच्या न हलणाऱ्या कव्हरमध्ये वळणदार खाच असते, नळ्यांचा गठ्ठा फिरला की बोल्ट त्या खाचेतून आपोआप पुढेमागे होतो. म्हणजे सगळी कामं एकाच वेळी चालू, फक्त वेगवेगळ्या नळ्यांवर.

आता हिशोब बघा. अमेरिकेची व्हल्कन गन, 20 मिमी, सहा नळ्या, मिनिटाला 6,000 गोळे. ऐकायला भयंकर वाटतं पण सहाने भागा, एका नळीच्या वाट्याला मिनिटाला 1,000च येतात. अमेरिकेच्याच ए-10 लढाऊ विमानातली अ‍ॅव्हेंजर गन 30 मिमी, सात नळ्या, 3,900चा रेट, म्हणजे एका नळीला साडेपाचशेच्या आसपास, जे एखादी साधी मशीनगनसुद्धा करते. खरी गोम इथेच आहे. वेग मेकॅनिझम पळवून नाही आणलेला, काम वाटून आणलाय. एकाच नळीतून मिनिटाला 6,000 काढायला गेलात तर नळी इतकी तापेल की आतल्या, गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचा बघता बघता झिजून जातील.

आणि ही आयडिया जुनी आहे बरं का. रिचर्ड गॅटलिंगने 1862 मध्ये पेटंट घेतलं, तेव्हा हँडल हाताने फिरवायचे. 1893 मध्ये त्याने इलेक्ट्रिक मोटरवालं मॉडेलही पेटंट केलं, पण तेव्हा एवढ्या वेगाची कुणाला गरजच नव्हती. गरज पडली जेट विमानं आल्यावर, कारण समोरचं विमान निशाण्यात क्षणभरच राहतं आणि तेवढ्यात जास्तीत जास्त गोळे तिकडे पोचले पाहिजेत. म्हणून 1946 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने प्रोजेक्ट व्हल्कन हातात घेतला आणि गॅटलिंगची कल्पना परत जिवंत झाली. मोटरवर चालण्याचा अजून एक मोठा फायदा म्हणजे एखादा गोळा फुसका निघाला तरी गन अडकत नाही, तो तसाच बाहेर फेकला जातो आणि पुढचा आत येतो.

अ‍ॅव्हेंजरबद्दल एक गैरसमज सगळीकडे फिरतो की फायर केलं की ए-10 हवेत थांबतं. तसं होत नाही. धक्का जबरदस्त आहे, साधारण 45 किलोन्यूटन, जो त्याच्या एका इंजिनाच्या जोरापेक्षा जास्त आहे, पण इंजिनं दोन आहेत, विमानाचं वजनही चिकार आहे आणि फायरिंग सेकंद-दोन सेकंदच चालतं, त्यामुळे वेग किंचित कमी होतो इतकंच. मला जास्त भारी वाटतं ते हे की फायर होणारी नळी बरोबर विमानाच्या मधल्या रेषेवर यावी, नाहीतर धक्क्याने नाक एका बाजूला वळेल, म्हणून गन थोडी बाजूला बसवलीय आणि तिला जागा द्यायला पुढचं चाकही उजवीकडे सरकवलंय! विमान अक्षरशः गनभोवती बांधलंय.

सोव्हिएतांनी मोटर न लावता गोळ्याच्या गॅसवर चालणारी सहा नळ्यांची 30 मिमी गन मिग-27 मध्ये बसवली. तिच्या हादऱ्यांनी लँडिंग लाइट फुटल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत.

मग सगळ्यांनीच रोटरी का नाही घेतली? वजन, जागा आणि मुख्य म्हणजे सुरुवात. एवढा जड गठ्ठा फुल स्पीडला यायला वेळ लागतो, अ‍ॅव्हेंजरला जवळपास अर्धा सेकंद. डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या जवळून होणाऱ्या झुंजीत, अर्धा सेकंद म्हणजे खूप झाला. म्हणून युरोपने रिव्हॉल्व्हर कॅनन धरली, नळी एक, मागे फिरणारे चेंबर अनेक, आणि पहिल्या गोळ्यापासून जवळपास पूर्ण वेग. रफालची 30 मिमी गन तशीच आहे, मिनिटाला 2,500. रशियाने सुखोई-30 मध्ये तर एका नळीची जीएसएच-30-1 ठेवली, रेट 1,500 ते 1,800 आणि गनचं वजन फक्त 46 किलोच्या आसपास. गोळे 150च, म्हणजे पाच-सहा सेकंदांत संपले, पण एफ-16 ची व्हल्कनसुद्धा 511 गोळे पाच सेकंदांतच संपवते, त्यामुळे नुसता रेट बघून गन चांगली की वाईट ठरवू नका.

जहाजावर मात्र रोटरीला तोड नाही असं माझं मत आहे. तिथे वजनाची फारशी चिंता नाही, जहाजावर येणारी, पाडायची असलेली मिसाइल रडारला काही किलोमीटर लांब असतानाच दिसलेली असते, त्यामुळे तो अर्धा सेकंद अंगावर येत नाही. डच लोकांनी बनवलेल्या गोलकीपर सिस्टिममध्ये तर हीच ए-10 वाली सात नळ्यांची अ‍ॅव्हेंजर आहे, फक्त जहाजावर तिचा रेट वाढवून 4,200 केलाय.