आजी दृष्ट काढते तेव्हा मी तिला का थांबवत नाही

प्रिय बाळा,

तू परवा विचारलेला प्रश्न जेवताना दोन वाक्यांत उडवून लावण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र. तुला ताप आला की आजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तुझी दृष्ट काढते, तुझ्या मैत्रिणीची आई पाण्यावर कुराणातल्या आयती वाचून ते पाणी तिला पाजते आणि आपल्या शेजारच्या आजारी आजोबांच्या कपाळाला परवा फादर तेल लावून गेले. हे सगळे खरे असेल तर एवढी इस्पितळे कशाला, आणि खोटे असेल तर तुम्ही आजीला थांबवत का नाही, असे तू विचारलेस.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. मोहरीने, मंतरलेल्या पाण्याने किंवा तेलाने रोगजंतू मरत नाहीत. दुसऱ्या भागाला मात्र वेळ लागेल.

आजी काय करते ते आधी नीट पाहा. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेऊन ती तुझ्यावरून, म्हणजे हल्ली फोनच्या पडद्यावरून, ओवाळते, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची दृष्ट निघून जावो असे पुटपुटते आणि ते सगळे तापलेल्या तव्यावर टाकते. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असे म्हणायचे. ठसका लागला, तर किरकोळ होती आणि निघाली असे म्हणायचे. दृष्ट लागलीच नव्हती असा निकाल या परीक्षेत कधी लागत नाही, हे तुझ्या लक्षात आले असेलच. पण ही समजूत केवळ आपली नव्हे. मुसलमान घरांत नजर उतरवतात, ज्यू लोक ‘ऐन हारा’ला भितात, इटलीतल्या आज्या ‘मालोक्यो’ काढतात आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाईट नजरेसाठी स्वतंत्र प्रार्थनाच आहे. मूल एकाएकी किरकिर करू लागते, कारण कळत नाही आणि घरातल्या बाईला हातावर हात ठेवून बसवत नाही; तेव्हा तिच्या हातांना काहीतरी काम देणारा हा विधी आहे.

नवसाचेही तसेच. आपल्याकडे डोळ्यांचे दुखणे बरे व्हावे म्हणून देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल व्हावे म्हणून पाळणा बांधतात. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या पायऱ्यांजवळ मेणाचे हात, पाय, हृदय, डोके विकायला मांडलेले असते. ज्याचे जे दुखते त्याने ते मारियेपुढे ठेवायचे. सप्टेंबरच्या जत्रेत ते विकत घेणाऱ्यांत ख्रिस्ती जितके असतात, तितक्याच सहजपणे हिंदू आणि पारशीही असतात, आणि आपल्याकडच्या दर्ग्यांतही मन्नत मागायला येणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. ग्रीसमध्ये कोरिंथ येथे आरोग्यदेव अस्क्लेपिओसच्या मंदिराच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे हातपाय आणि कान सापडले आहेत, आणि ते दोन हजार वर्षांहून जुने आहेत. मला माउंट मेरीची ही जत्रा फार आवडते. दुखणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचा देवही परका वाटत नाही, आणि इतर वेळी धर्मावरून हमरीतुमरीवर येणारी माणसे तिथे एकाच दुकानातून मेणाचा गुडघा घेतात.

आता तुझा तर्क असा, की प्रार्थना खरी मानणाऱ्याला औषधाची गरज नसावी. गंमत अशी, की बहुतेक धर्मांच्या जुन्या ग्रंथांनी तसे म्हटलेले नाही. चरकसंहितेत उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र, होम, उपवास हा एक, आहार आणि औषधांची योजना हा दुसरा, आणि मनाला अहितकर गोष्टींपासून आवरणे हा तिसरा. तिन्ही एकाच वैद्याच्या पोथीत आहेत. पैगंबरांच्या हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या संग्रहात, म्हातारपण वगळता प्रत्येक रोगाला देवाने औषध दिले आहे, तेव्हा उपचार करून घ्या, असे सांगितले आहे. बुद्धांची कथा तर मला सर्वांत जवळची वाटते. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्षूकडे कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुऊन काढले, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असे संघाला सांगितले. शेजारच्या आजोबांचे म्हणशील, तर तेल लावले म्हणून त्यांची अखेरची घटका आली असे समजू नकोस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून (१९६२–६५) कॅथलिक चर्चने हा संस्कार केवळ मरणासन्न माणसासाठी ठेवलेला नाही.

श्रद्धा आणि औषध यांचे भांडण झालेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आजीच्या लहानपणी देवीचा रोग होता. अंगावर फोड आले म्हणजे घरात देवीच आली असे मानत. मग फोडणी आणि तळण बंद, रुग्णाच्या उशाशी कडुनिंबाचा पाला, बाहेरच्या माणसाला मज्जाव आणि रुग्णाला वेडेवाकडे बोलायचे नाही, कारण त्याच्या अंगात प्रत्यक्ष देवी. यातल्या काही पथ्यांनी रुग्णाला शांतता मिळे आणि संसर्गही थोडाफार आवरला जाई. पण लस टोचली तर देवी कोपेल या भीतीने कित्येकांनी मुले लपवली, आणि ती मुले त्या भीतीची किंमत मोजून बसली. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून गेल्याचे जाहीर केले. ते काम लसीने केले.

प्रार्थनेने शरीर बरे होते का, हे अमेरिकेत मोजूनही पाहिले आहे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. परक्या लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांच्यात ती ५९ टक्के, तर ठाऊक नसलेल्यांत ५२ टक्के आढळली. आपले माणूस उशाशी बसून जप करते तेव्हा वेदना, मळमळ, भीती कमी वाटते, हे मात्र मी नाकारत नाही. गाठ त्याने विरघळत नाही.

खरा धोका कुठे असतो ते सांगतो. आपल्याकडे कावीळ ‘उतरवणारे’ असतात. ते रुग्णाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतात, पाणी पिवळे होते आणि कावीळ निघाली असे सांगतात. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, तो चुन्याने पिवळा पडतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून श्रेय त्या माणसाला जाते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेलेले लोकही अनेकदा वाचतात, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात. ज्याला नाग चावलेला असतो, त्याचा मात्र प्रतिविषाचा वेळ मंत्रात जातो. अशा भोंदूगिरीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याने घरातली पूजा, दर्ग्यातली दुआ किंवा चर्चमधली प्रार्थना बंद केलेली नाही. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे मात्र त्याने गुन्हा ठरवले आहे.

माझीही रेघ तिथेच आहे. आजी दृष्ट काढण्याआधी थर्मामीटर लावला का आणि औषध कितीला दिले, हे विचारते; ती त्यासाठी पैसे मागत नाही आणि अमुक केले नाही तर वाईट होईल अशी धमकी देत नाही. ज्या दिवशी ती औषध बंद करा म्हणेल, त्या दिवशी मी तिला थांबवीन, आणि ते तिलाही माहीत आहे. मैत्रिणीच्या आईनेही पाण्याबरोबर तापाची गोळी दिली असेल, तर तिला नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही.

पुढच्या आठवड्यात तुझी टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया आहे. आजीने अंगाऱ्याची पुडी टपालाने पाठवली आहे आणि त्या दिवशी ती पहाटे उठून महामृत्युंजयाचा जप करणार आहे. अंगारा कपाळाला लाव, तिला बरे वाटेल, आणि बहुधा तुलाही. परंतु भूल देण्याआधी पोट रिकामे लागते, म्हणून पुडीबरोबर आलेली खडीसाखर त्या सकाळी तोंडात टाकायची नाही. प्रसाद असला तरी नाही. आजीला मी तसे कळवले आहे आणि ती ‘बरोबर आहे’ म्हणाली.

तुझे
बाबा