मोबाईलवर माझा प्रतिक्रियाकाळ २७० मिलिसेकंद आणि मित्राचा संगणकावर २१० येतो. हा फरक खरा मानावा का?

आपला प्रश्न असा आहे की, पडद्याचा रंग बदलताच बोट टेकवण्याच्या चाचणीत आपल्याला मोबाईलवर सुमारे २७० मिलिसेकंद लागतात आणि मित्राला त्याच्या संगणकावर २१०, तर आपला मेंदू संथ आहे का, आणि हा काळ घरच्या घरी नीट मोजता येतो का. या दोन आकड्यांवरून आपला मेंदू संथ आहे असे म्हणता येत नाही. घरी मोजणे मात्र शक्य आहे. मी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हे प्रयोग करून घेतो आणि त्यात बराचसा वेळ माणसांतला फरक शोधण्याऐवजी उपकरणाने केलेली भर शोधण्यात जातो.

पडद्यावर दिसणारा आकडा ही अनेक टप्प्यांची बेरीज असते. दृष्टिपटलावर पडलेल्या प्रकाशाचे रासायनिक प्रक्रियेतून विद्युतसंदेशात रूपांतर होते, तो संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोहोचतो, बदल झाल्याची ओळख पटते, हालचालीची आज्ञा मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंकडे जाते आणि मग बोट हलते. या बेरजेत उपकरण स्वतःचा वेळ गुपचूप मिसळते. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, म्हणजे रंग बदलण्याची आज्ञा सुटल्यावरही ती प्रत्यक्ष दिसण्यास तेवढा उशीर होऊ शकतो. त्यानंतर स्पर्श टिपणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि तो चाचणीपर्यंत पोहोचवणे यांचा वेळ निराळाच. मोबाईलवर ही सगळी भर ५० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जाते, तर वेगवान पडदा आणि तारेचा माउस असलेल्या संगणकावर ती बरीच कमी असते. आपल्या दोघांतला ६० मिलिसेकंदांचा फरक जवळजवळ संपूर्णपणे यातूनच आलेला असू शकतो.

म्हणून मी आपल्याला वीज न लागणारी पद्धत सुचवेन. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठा आणि तर्जनी थोडी उघडी ठेवावी, मित्राने ३० सेंटिमीटरची फूटपट्टी अशी उभी धरावी की शून्याची खूण आपल्या बोटांमध्ये येईल, आणि कोणतीही सूचना न देता ती सोडावी. पट्टी जेथे पकडली गेली ते अंतर मीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट करावी, तिला ९.८ ने भागावे आणि वर्गमूळ काढावे, की काळ सेकंदांत मिळतो. १० सेंटिमीटरला सुमारे १४३ मिलिसेकंद, १५ ला १७५, २० ला २०२ आणि २५ ला २२६ असे हे हिशेब येतात. २० सेंटिमीटरच्या आसपास एका सेंटिमीटरची चूक झाली तरी उत्तर फक्त ५ मिलिसेकंदांनी बदलते, आणि एका फूटपट्टीकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. दोन दक्षता मात्र घ्याव्यात. पट्टी सोडण्याआधीचा अवधी दर वेळी बदलता असावा, कारण तो ठरावीक असला की आपण पट्टीला प्रतिसाद न देता नुसता अंदाज बांधू लागतो; आणि हात पट्टीच्या पाठोपाठ खाली जाऊ देऊ नये.

एका प्रयत्नावर कधीही विसंबू नये. वीस-तीस नोंदी घ्याव्यात आणि त्यांची सरासरी न काढता त्या चढत्या क्रमाने लावून मधली नोंद, म्हणजे मध्यक, घ्यावा. शरीराच्या घडणीमुळे एका मर्यादेहून वेगवान होता येत नाही, पण लक्ष विचलित झाले तर कितीही उशीर होऊ शकतो. त्यामुळे नोंदी संथ बाजूला लांबवर पसरतात आणि दोनतीन चुकार नोंदी सरासरीला आपल्याकडे ओढतात. उलट १०० मिलिसेकंदांच्या आतली नोंद बहुधा अंदाजाने केलेली असते. धावण्याच्या शर्यतीत सुटण्याच्या इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत पायाचा दाब नोंदला गेला तर चुकीची सुरुवात धरतात, ती याच कारणाने. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा डेव्हन ॲलन ०.०९९ सेकंदाच्या नोंदीवरून बाद झाला. नियमाला कोठेतरी रेघ ओढावीच लागते हे मान्य, पण मज्जासंस्थेत अशी एक हजारांश सेकंदाइतकी काटेकोर सीमा असते, असे मला वाटत नाही.

हा काळ मोजता येतो, ही कल्पनाच फार जुनी नाही. १८५० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला आणि तो सेकंदाला तीसेक मीटरच निघाला. तोवर तो मोजण्यापलीकडचा समजला जात असे. पुढे १८६८ मध्ये नेदरलँड्समधील युट्रेख्टचे शरीरशास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी विचारालाच घड्याळ लावले. पायाला विजेचा सौम्य झटका बसताच त्याच बाजूच्या हाताने प्रतिसाद द्यायचा. एका वेळी कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी सांगायचे, दुसऱ्या वेळी सांगायचे नाही. या दोन काळांची वजाबाकी सुमारे ०.०६६ सेकंद आली, आणि डावा की उजवा हे ठरवण्याचा हा काळ होय, असे त्यांनी म्हटले. निर्णयाचा टप्पा वाढवला की बाकीचे टप्पे जसेच्या तसे राहतात, या त्यांच्या गृहीतकावर पुढे रास्त आक्षेप घेतले गेले, तरी निवड करावी लागली की वेळ वाढतो ही गोष्ट पक्की ठरली. हिक आणि हायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९५२–५३ मध्ये दाखवले की पर्याय दुप्पट झाले की प्रत्येक वेळी साधारण सारखीच भर पडते. दोनाचे चार होताना जितकी, तितकीच चाराचे आठ होताना.

आता प्रभाव टाकणाऱ्या गोष्टींकडे वळू. आवाजाला दिलेला प्रतिसाद प्रकाशाला दिलेल्या प्रतिसादापेक्षा तीसचाळीस मिलिसेकंदांनी वेगवान असतो, कारण दृष्टिपटलातील प्रक्रिया कानातल्या प्रक्रियेपेक्षा संथ आहे; तरुण निरोगी व्यक्तीत चांगल्या उपकरणावर प्रकाशासाठी सुमारे २०० आणि आवाजासाठी सुमारे १६० मिलिसेकंद येतात. इशारा जितका ठळक, तितका काळ कमी. वयाच्या विशीत तो सर्वांत कमी असतो आणि नंतर हळूहळू वाढतो. मद्याने तो वाढतो, आणि थकलेल्या माणसात कॅफिनने थोडा कमी होतो.

या सर्वांत मला झोप सर्वांत महत्त्वाची वाटते. सतत १७ ते १९ तास जागे असलेल्या माणसाची अशा चाचण्यांतील कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. येथे मध्यकापेक्षाही पाहण्याजोगी गोष्ट निराळी आहे. झोप कमी झालेला माणूस प्रत्येक वेळी थोडा थोडा संथ होतो असे नाही. पुष्कळदा तो नेहमीसारखाच प्रतिसाद देतो आणि मधूनच एकदम अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ गप्प राहतो. निद्रासंशोधनात दहा मिनिटांची एक कंटाळवाणी चाचणी वापरतात. तिच्यात इशारे २ ते १० सेकंदांच्या अनिश्चित अंतराने येतात आणि ५०० मिलिसेकंदांपुढच्या नोंदी ‘चुका’ म्हणून वेगळ्या मोजल्या जातात. ती कंटाळवाणी ठेवण्यातच तिची उपयुक्तता आहे, कारण पाच-सहा प्रयत्नांच्या उत्साहात पेंगुळलेला माणूसही टवटवीत दिसतो.

सरावाने हा काळ सुधारतो का, असाही प्रश्न आपल्याला पडेल. त्याच चाचणीच्या सरावाने त्या चाचणीतला आकडा थोडा उतरतो. साध्या प्रतिसादात सुधारणेला जागा कमी असते, निवडीच्या प्रतिसादात ती जास्त असते. निष्णात खेळाडू चपळ दिसतात ते मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याच्या व हाताच्या हालचालीवरून पुढचे आधीच ओळखत असल्यामुळे. साध्या दिव्याच्या चाचणीत त्यांची आघाडी फारच लहान उरते. तेव्हा आपण आणि मित्र, दोघांनीही नीट झोप झालेल्या दिवशी, एकाच पट्टीवर, एकाच हाताने आणि जोडीने वीस-तीस प्रयत्न करून मध्यकांची तुलना करावी. त्यातही दहाबारा मिलिसेकंदांचा फरक आला, तर तो पुन्हा दुसऱ्या दिवशी टिकतो का हे पाहिल्याशिवाय त्याला फरक म्हणू नये.