वाचकांचे प्रश्न : मोझार्टचं ‘आवे वेरुम कॉर्पुस’ – लय, पट्टी आणि भाव

प्रश्न (वसई) : मोझार्टच्या ‘आवे वेरुम’ या छोट्या लॅटिन प्रार्थनागीताचं एक रेकॉर्डिंग पावणेतीन मिनिटांचं आहे, दुसरं चार मिनिटांच्या वर जातं. लय सांगणारं ॲप एकाला 66 दाखवतं, दुसऱ्याला 90. संथ वाटणाऱ्याचाच आकडा मोठा कसा? आणि आमच्या चर्चच्या गायकवृंदानं कोणती लय धरावी?

उत्तर : ॲप बाजूला ठेवा, घड्याळ घ्या. ही रचना 46 बारची (बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखा तुकडा) आहे आणि प्रत्येक बारमध्ये चार क्वार्टर नोट (बारच्या पाव लांबीचे स्वर), म्हणजे एकूण 184. त्यामुळे 11,040 ला (184 गुणिले 60) रेकॉर्डिंगच्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती क्वार्टर पडतात ते कळतं. 2 मिनिटे 45 सेकंदांचं रेकॉर्डिंग सुमारे 67 वर येतं, 4 मिनिटे 5 सेकंदांचं 45 वर. तुमच्या ॲपनं दुसऱ्याची लय दुप्पट धरली, म्हणून 90. इथे तबल्यासारखा ठोका नाही, स्वर हळुवार उगवतात, त्यामुळे ॲप अशी गफलत सर्रास करतं. शेवटचा स्वर विरल्यानंतरचा घुमारा आणि टाळ्या मात्र सेकंदांतून वजा करा. छोट्या रचनेत पाच सेकंदांनीही आकडा हलतो.

मोझार्टनं वर ‘आदाजिओ’ (संथ) लिहिलं आहे, पण तालचिन्ह ‘आल्ला ब्रेवे’चं आहे. म्हणजे बारमध्ये दोनच ठोके मोजायचे. चार ठोके धरले की प्रत्येक अक्षरावर वजन पडतं आणि ओळ पाय ओढत चालते. हौशी गायकांसाठी क्वार्टरचा वेग 56 ते 60 ठीक. 60 च्या वेगात पहिली चार बारची ओळ 16 सेकंद चालते, 45 ला तीच 21 सेकंदांवर जाते. शेजारच्यानं श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, ही शिस्त अंगी मुरली नसेल तर 45 च्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न (नाशिक) : रचना डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये आहे असं वाचलं. माझ्याकडच्या एका रेकॉर्डिंगचा ‘सा’ पांढरी दोनच्या किंचित खाली येतो, एका जुन्या एलपीवरून उतरवलेल्या फाइलचा वर. पेटी तर नीट लागलेली आहे.

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी आहेत. जुन्या धाटणीची वाद्यं वापरणारे वृंद या काळातल्या संगीतासाठी बहुधा ए = 430 हर्ट्झ धरतात (‘ए’ म्हणजे वाद्यं ज्याला जुळवतात तो स्वर, पांढरी सहा). आजच्या 440 पेक्षा ते सुमारे 40 सेंट खाली (100 सेंट म्हणजे एक सेमीटोन, पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), म्हणजे अर्ध्या सेमीटोनपेक्षा थोडं कमीच. म्हणून ट्यूनर ‘डी’च दाखवतो, पण काटा डावीकडे झुकलेला असतो. कोणी 415 धरलं तर फरक पूर्ण 100 सेंटचा होतो आणि तुम्हाला सरळ काळी एक मिळते. रचना तीच, पट्टीचं नाव तेच, फक्त सुरावट खाली लावलेली.

एलपीच्या बाबतीत आधी तबकडीच्या वेगावर संशय घ्या. वेग सहा टक्क्यांनी वाढला की स्वर जवळजवळ एक सेमीटोन चढतो आणि वेळही त्याच प्रमाणात घटते. वेष्टनावर 3 मिनिटे 30 सेकंद छापलेले असतील आणि फाइल 3 मिनिटे 18 सेकंदांत संपत असेल, तर पांढरी दोनची काळी दोन झालीच समजा. फाइल पुन्हा संथ करताना ‘पिच कायम ठेवा’ हा पर्याय बंद करायला विसरू नका, नाहीतर लय उतरेल आणि स्वर वरच राहील.

प्रश्न (पुणे) : ॲप या रचनेला ‘मेजर, आनंदी’ असा शिक्का मारतं. मला तर ऐकताना गलबलून येतं. मेजर असूनही असं का? यात कोणता राग शोधावा?

उत्तर : राग शोधू नका, पण ‘सा’ कुठे कुठे जातो ते जरूर शोधा.

पांढरी दोनला सा धरून सोप्रानोची (सर्वात उंच आवाजाची) पहिली ओळ ऐका. ‘वेरुम’शी येताना ती पंचमावरून तीव्र मध्यमावर आणि तिथून लगेच शुद्ध मध्यमावर उतरते. दोन्ही मध्यम लागोपाठ आले की आपल्या कानाला केदार आठवतो, त्यात काही वावगं नाही. पण इथे ते रागाचं चलन नव्हे. खालचे तीन आवाज प्रत्येक पायरीवर स्वरसंगती बदलत असतात आणि कळ त्या घसरणीतून येते.

मग पट्टीच हलते. पहिला भाग संपताना पंचम (ए) सा होऊन बसतो. वाद्यांच्या छोट्या तुकड्यानंतर ‘कुयुस लातुस पेरफोरातुम’ हे शब्द येतात, म्हणजे भाल्यानं विंधलेल्या ख्रिस्ताच्या कुशीचा उल्लेख. नेमक्या तिथे संगीत एफ मेजरकडे, मूळ षड्जाच्या कोमल गंधारावर, वळतं. मेजरच, पण घरापासून दूरचं. डी मायनरच्या वाटेनं ते परत येतं. ‘एस्तो नोबिस’ला सोप्रानो-आल्टो (वरचे दोन आवाज) पुढे आणि टेनर-बेस (खालचे दोन) मागून तीच ओळ धरतात. शेवटी ‘मॉर्तिस’ (मृत्यूच्या) हा शब्द बराच वेळ ताणला जातो. ॲपला यातलं काहीच कळत नाही, ते तिसरा स्वर शुद्ध आहे की कोमल एवढंच पाहून शिक्का मारतं.

शिवाय सुरुवातीलाच ‘सोत्तो वोचे’, दबल्या आवाजात, अशी सूचना आहे. जून 1791 मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेनमधल्या गायकवृंदाचे प्रमुख आंतोन श्टोल यांच्यासाठी, कॉर्पुस क्रिस्ती (ख्रिस्तशरीराचा सण) या सणाला म्हणून हे लिहिलं गेलं. चार आवाज, तंतुवाद्यं आणि ऑर्गन, बस्स. शंभर जणांनी छाती भरून गायलेलं रेकॉर्डिंग ऐकलंत तर शिक्का कदाचित खराही वाटेल! त्यात दोष रचनेचा नाही.

प्रश्न (मडगाव) : ऑर्गनशिवाय गातो तेव्हा शेवटी आम्ही पाव स्वर खाली असतो. उपाय?

उत्तर : बहुधा पहिल्याच ओळीत घसरता. पंचम ते तीव्र मध्यम ते शुद्ध मध्यम ही दोन लहान पावलं आहेत, आणि गायक ती मोठी टाकतात. तीव्र मध्यम पंचमाला अगदी चिकटून ठेवायला सांगा. शुद्ध मध्यमावर आल्यावर स्वर ढिला पडतो. तो किंचित वर आहे असा विचार करून लावा. ‘रुम’, ‘पुस’ मधला उकारही बुजका लावू नका, स्वर बरोबर असून खाली ऐकू येतो.

सरावाला पांढरी दोनचा तानपुरा लावा, पण ‘कुयुस लातुस’ येण्याआधी बंद करा. एफ मेजरमध्ये तो मूळ षड्ज कानावर मारत राहतो आणि गायक गोंधळतात. ‘एस्तो नोबिस’ला पुन्हा सुरू करा. ट्यूनरवर तिथे 10 सेंटपेक्षा जास्त घसरण दिसली तर मधला भाग वेगळा घोटा. दिसली नाही तर गळती शेवटच्या पानावर, ‘मॉर्तिस’च्या लांबणीत, श्वास संपल्यामुळे आहे. तिथे प्रत्येक आवाजात निदान दोघांनी आलटून पालटून श्वास घ्यावा.