बिबडे विकत का आणले?

ताई, सलाम.

भुसावळहून आलेलं तुमचं लांबलचक पत्र वाचलं. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला पाय ठेवायला जागा नव्हती, आता रविवारी निम्मे बाक रिकामे. पाळकसाहेब घरी फिरकत नाहीत, प्रार्थनेला त्याच चार बाया. सहभागिता, मंडळीतला आपलेपणा, कशी टिकवू, असं विचारता.

या सगळ्यात एक ओळ तुम्ही ओझरती लिहून गेलात: ‘यंदा बिबडेसुद्धा विकत आणले, जाऊबाई मागच्या बाकावर बसून निघून जातात, मीही आपणहून बोलत नाही.’

बिबडे, ज्वारीचे पापड, विकत? आपल्याकडे, एवढं ऊन तापलेलं असताना? ते एकटीचं कामच नाही. एकीनं चुलीवरचा घाटा, शिजणारं ज्वारीचं पीठ, हाटायचा, दुसरीनं तो गरम आहे तोवर ओल्या धोतरावर भराभर थापायचा. तुमच्याकडे ती दुसरी जाऊबाईच असणार. तुमच्यात काय बिनसलं ते लिहिलं नाहीत. मला ते जाणून घ्यायचंही नाही. पण स्वतःच्या अंगणातली सहभागिता मोडू दिलीत आणि जाब पाळकसाहेबांना विचारताय, याचा मला राग आला.

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढा. उठलेला प्रभू तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे भाजतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं दमलेल्यांना न्याहारीला बोलावतो. त्यांत शिष्य पेत्रही आहे. प्रभूला पकडलं त्या रात्री ‘मी त्याचा शिष्य नाही’ असं तो म्हणाला होता तेही कोळशाच्या विस्तवाशी शेकतानाच. त्यानं माफीचा शब्द काढलेला नाही. तरी प्रभू आधी त्याला जेवू घालतो. ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हे न्याहारीनंतर विचारतो. आणि तुम्ही जाऊबाईंनी आधी बोलावं म्हणून अडून बसलात!

आज ज्वारी भिजत घाला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जा. रविवारी मंडळीत, चारचौघांसमोर नको. ‘ज्वारी भिजत घातलीय, एकटीनं होत नाही, हाताला या,’ एवढंच म्हणा. जुना विषय काढू नका, वचनंही सांगू नका. आल्या की पहिला गरम घाटा वाटीत काढून, वर कच्चं तेल घालून त्यांच्या हातात द्या.

नाही म्हणाल्या तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा सण, ईस्टरपासून 50व्या दिवशी. तोवर भुसावळचं ऊन काही उतरत नाही. पाळकसाहेबांचं गाऱ्हाणं त्यानंतर लिहा, मी वाचेन.